रिकाम्या हाताचं कार्ड

बुटाची नाडी बांधून तो दारात उभा राहिला आणि मुलीनं त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं. म्हणजे ठेवलं असं त्याला वाटलं. कार्ड धरताना धरायची तशी तिनं चिमूट धरली होती, अंगठा वर, दोन बोटं खाली. दुसऱ्या हातानं तिनं त्याचा डावा हात ओढला, उताणा केला, मिटलेली बोटं एकेक करून उघडली आणि चिमटीतलं जे काय होतं ते त्याच्या तळहातावर दाबून ठेवलं. मग मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं हाताकडे पाहिलं. हातात काही नव्हतं. ‘काय गं?’ तो म्हणाला, आणि तिच्या केसांवरून हात फिरवल्यासारखं करून बाहेर पडला. जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं की डावी मूठ आपण मिटून घेतली आहे आणि कठडा न धरता भिंतीच्या कडेकडेनं उतरतो आहोत, हातातलं सांडू नये म्हणून.

बसमध्येही ती मूठ तशीच होती. उजव्या हातानं वरचा दांडा धरून तो उभा होता आणि माणसांच्या खांद्यांमधून रस्ता मागे सरकताना बघत होता. दुकानं उघडत होती, कुणीतरी पायऱ्या धूत होतं, एका दारात एक बाई चपला झटकत होती. मूठ उघडायचा त्याला धीर होईना. उघडली तर आत काही नाही हे पुन्हा बघावं लागलं असतं. कुठलं कार्ड, ते त्याला कळलं होतं. दारातच कळलं होतं. ‘काय गं’ हे त्यानं उगाच, वेळ मारून न्यायला विचारलं होतं. ते कार्ड त्याच्या जाकिटाच्या आतल्या खिशात होतं, गेले कित्येक दिवस होतं. चौकोनी, पुठ्ठ्याचं, कोपरे गोल कापलेलं, मागे वेल्क्रोचा खरखरीत तुकडा. बस हलली की तो तुकडा अस्तराला धरायचा आणि सुटायचा. छातीवरून कुणीतरी नख ओढतंय असं वाटायचं. जाकीट उकाड्यातही तो काढत नव्हता, आणि बायकोनं एकदा विचारलं तेव्हा थंडी वाजते म्हणाला होता.

मुलीला पाचवं वर्ष लागलं होतं आणि ती बोलत नव्हती. ऐकू येत होतं, कळत होतं, हसणं, रुसणं, हट्ट सगळं वेळच्या वेळी होतं, फक्त शब्द येत नव्हते. येतील, असं थेरपीच्या बाई म्हणायच्या. कधी ते त्या कधीच सांगायच्या नाहीत. ‘पण येईपर्यंत तिला गप्प का ठेवायचं? तोवर हातानं बोलू दे की.’ म्हणून ही कार्डं. त्यात यंत्र नव्हतं, बटण नव्हतं. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर फोटो, वरून चिकटपट्टी. हॉलच्या भिंतीवर मुलीचा हात पोचेल अशा उंचीवर फळा टांगलेला आणि त्याच्या पट्ट्यांवर ओळीनं सगळी चिकटवलेली. दूध, पाणी, केळं, चेंडू, बाहेर, शू, गाणं, आई, बाबा. हवं ते कार्ड तिनं ओढून काढायचं आणि समोरच्या माणसाच्या हातावर ठेवायचं. समोरच्यानं काय करायचं, ते बाईंनी घरातल्या सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. आधी त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. मग ती वस्तू द्यायची, लगेच. मग शाब्बास म्हणायचं. ‘नाव, वस्तू, शाब्बास. ह्यात कुणी चुकायचं नाही. पुठ्ठा दिला की जग हलतं, हे तिला पटलं पाहिजे. एकदा का वाटलं की हलत नाही, तर मागायचंच सोडेल ती. आणि दुसऱ्यांदा मुलं इतक्या सहजासहजी हात पुढे करत नाहीत हं.’ फळ्याखाली बोटभर रुंदीची एक सुटी पट्टी लोंबत होती. तिच्यावर दोन कार्डं शेजारी लावली की वाक्य होतं, बाई म्हणाल्या होत्या. ती पट्टी अजून कोरीच होती. आणि बाई प्रत्येक वेळी सांगत होत्या ते एक कार्ड त्यानं अजून केलंच नव्हतं. ‘नाही’चं. ‘नाही हाही शब्दच आहे, बाबा. सगळ्यांना लागतो. दूध संपलं तर तुम्ही काय सांगणार तिला?’ दूध संपू देणार नाही, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. जिला हो म्हणता येत नाही तिच्या हातात आधी ‘नाही’ द्यायचं, हे त्याच्या जिवावर आलं. आज करू, उद्या करू असं करत ते राहून गेलं.

कार्डांची खरी गंमत केली ती त्याच्या आईनं. सुरुवातीला तिनं नाकच मुरडलं होतं. ‘पोरीला पत्ते खेळायला शिकवताय का काय?’ नातीला ती बडबडी म्हणायची. ‘काय गं बडबडे, आज घसा बसलाय वाटतं?’ असं म्हणून स्वतःच खो खो हसायची, आणि मुलगीही हसायची. तिला काय हवं ते आजीला आधीच कळायचं. मुलगी फळ्याकडे वळायच्या आत आजीच्या हातात सोललेलं केळं तयार. थेरपीच्या बाईंनी एकदा समोर बसवून तिला झापलं. ‘आजी, तुम्ही तिच्या मनातलं ओळखत जाऊ नका. तिला मागू दे.’ आई म्हणाली, ‘मनातलं ओळखू नको तर काय करू, बाई? आयुष्यभर दुसरं काही केलंच नाही मी.’ पण घरी आल्यावर तिनं मनावर घेतलं. सगळं कळत असून वेड पांघरून बसायला लागली. मुलगी बाटलीकडे बोट दाखवायची आणि आई छताकडे, खिडकीकडे, स्वतःच्या पायांकडे बघायची. ‘काय? कुठं? मला म्हातारीला काय कळतंय?’ मग चर्र आवाज व्हायचा. फळ्यावरनं कार्ड ओढल्याचा. तो आवाज झाला की आई जिथं असेल तिथून ओरडायची, ‘बोलली गं बोलली!’ घरातला तोच बोलण्याचा आवाज होता, दिवसभर चालायचा, आणि त्याच्यावर कधी कधी तो वैतागायचासुद्धा. आता आठवून त्याला लाज वाटली. बसमधल्या बसमध्ये कान तापले.

आजीच्या कार्डाची तर कथाच झाली होती. फोटो काढायचा म्हणून तिनं नवी साडी नेसली, केस विंचरले आणि कवळी घातली. कवळी त्यानंच केली होती. तो कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होता, आणि आईचे दात लावताना त्यानं जीव ओतला होता. वरचा पुढचा एक दात तिनं मुद्दाम तिरका लावून घेतला. ‘माझा होता तसा लाव. सगळे सरळ लावलेस तर आरशात मला माझीच ओळख पटायची नाही.’ फोटो झकास आला. कार्ड फळ्यावर लागलं आणि मुलीनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. बरेच दिवस. मग बायकोच्या डोक्यात प्रकाश पडला. घरात आई कवळी कधी घालायचीच नाही. ती न्हाणीघरातल्या फळीवर, झाकणाच्या कपात, पाण्यात. नातीला माहीत होतं ते बोळकं. ‘असा फोटो काढू नका रे माझा, लोक काय म्हणतील,’ आई लाजून म्हणाली आणि लाजतानाच त्यानं फोटो काढला. गाल आत गेलेले, डोळे मिटलेले, तोंडाचा नुसता हसरा खळगा. ते कार्ड लावलं त्या संध्याकाळी मुलीनं ते ओढून काढलं, समोर बसलेल्या खुद्द आजीच्या हातावर ठेवलं आणि वाट बघत उभी राहिली. ‘आजी,’ आईनं नाव घेतलं. आता वस्तू द्यायची. मग तिनं दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, ‘ही घे.’

बसमधून उतरताना मागच्या माणसाचा धक्का लागला आणि मूठ उघडली. त्यानं पटकन ती खिशात घातली.

आई आजारी पडली आणि दवाखान्यातच गेली. मुलीला तेवढे दिवस मावशीकडे ठेवलं होतं. सगळं उरकल्यावर, पाहुणे गेल्यावर, आईची हॉलमधली खाट घडी करून दारामागे उभी केल्यावर तिला आणलं. चपला न काढता ती सरळ खाटेच्या जागेवर गेली. तिथं फरशीवर खाटेच्या पायांचे चार डाग होते. त्या डागांच्या मध्ये ती उभी राहिली. तिला काय सांगायचं ह्यावर नवरा-बायकोंचं काही बोलणं झालेलंच नव्हतं. म्हणजे बायकोनं विचारलं होतं, आणि त्यानं ‘बघू’ म्हटलं होतं. चर्र आवाज झाला. मुलगी आली आणि तिनं आजी त्याच्या हातावर ठेवली. नाव घ्यायचं, हे त्याला माहीत होतं. त्यानं तोंड उघडलं. घशात काहीतरी आडवं आलं, शब्द त्याच्या मागे राहिला. बायको स्वयंपाकघरात होती, मुलगी वर बघत होती, हातातलं तोंड हसत होतं. कार्ड दिलं की काहीतरी दिलं पाहिजे, लगेच दिलं पाहिजे, एवढंच डोक्यात राहिलं, आणि त्यानं डबा उघडून तिच्या हातात बिस्किट दिलं. तिनं बिस्किटाकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं. बिस्किट खाली ठेवलं आणि परत कार्ड दिलं. त्यानं परत बिस्किट दिलं. असं दुसऱ्या दिवशी झालं, तिसऱ्या दिवशी झालं. कधी बिस्किट, कधी चेंडू, कधी कडेवर घेऊन खिडकीतून रस्ता. ‘अहो, हे काय चालवलंय?’ बायको म्हणाली. ‘आजी मागितली की बिस्किट? उद्या बिस्किट हवं असलं की आजी मागेल ती.’ तिचं खरं होतं. पण मुलीचा तसा घोटाळा झालाच नाही. ती एकेक बिस्किट खाटेच्या जागेवर नेऊन ठेवत होती, आणि तिथं मुंग्या झाल्या.

मुंग्या झाल्या त्या दिवशी त्यानं ते कार्ड काढून खिशात घातलं. पोरीला त्रास होतो, नजरेआड असलेलं बरं, असं त्यानं मनाशी म्हटलं, आणि तेव्हा ते खरं वाटलं. खरं म्हणजे त्रास त्याला होत होता. दिवसातून किती वेळा ते तोंड हातावर यायचं आणि प्रत्येक वेळी तो मुका व्हायचा. आई गेली हे त्यानं अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. नातेवाइकांना फोन केले ते बायकोनं. कामावर ‘घरी जरा काम आहे’ म्हणून रजा टाकली होती. तो शब्द त्यानं एकदाही उच्चारला नव्हता, आणि जोवर उच्चारला नाही तोवर न्हाणीघरातल्या कपातलं पाणी तो रोज सकाळी गुपचूप बदलत होता. बायकोनं कार्ड शोधलं. सोफ्याखाली, गाद्यांखाली, कपाटामागे. तिनं कपाट एकटीनं सरकवलं आणि तो दारात उभा राहून बघत होता, खिशात ते कार्ड घेऊन. ‘कुठं गेलं असेल हो?’ ‘असेल कुठंतरी,’ तो म्हणाला.

मुलीनं शोधलं नाही. फळ्यावरच्या त्या रिकाम्या चौकोनावरून तिनं बोट फिरवलं, आणि त्यानंतर तिनं एकाही कार्डाला हात लावला नाही. दूध नाही, पाणी नाही. तहान लागली तर नळाखाली जाऊन बसायची. कपडे ओले करून तशीच बसून राहायची, पण शूचं कार्ड ओढायची नाही. त्या घरात आवाज होईना. थेरपीच्या बाईंना बायकोनं फोन करून कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हरवलं असेल तर नवं करा. पण आजच करा. आणि नसेल आजी, तर नाही म्हणून सांगा तिला. माणूस गेलं म्हणून त्याचं नाव कुणी घरातून काढून टाकतं का?’ बायकोनं ते जसंच्या तसं त्याला सांगितलं. तो जेवत होता. जेवत राहिला.

प्रयोगशाळा एका इमारतीच्या तळघरात होती. वरच्या झरोक्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवायचे, त्यांत प्लास्टर ओतून जबडे व्हायचे, आणि ते जबडे भिंतीभर फळ्यांवर मांडलेले असायचे, सगळे आ वासून. आई एकदा त्याचा विसरलेला चष्मा द्यायला आली होती. फळ्यांकडे बघून म्हणाली, ‘अगं बाई, केवढी ही सभा! आणि भाषण कुणाचंच नाही.’ प्लास्टर ओतणारे काका त्यावर इतके हसले होते की साचा हातातून निसटला. आज तो जागेवर बसला, स्पिरिटचा दिवा लावला आणि कुणा म्हाताऱ्या बाईची वरची कवळी पुढे घेतली. गुलाबी मेणाच्या कमानीत एकेक दात बसवायचा, गरम सुरीनं मेण पातळ करायचं, दात टेकवायचा, निवू द्यायचा. हे काम हातच करतात. डोकं मोकळं राहतं, आणि तेच वाईट. डाव्या तळहातावर तिनं दाबलं होतं तिथं अजून दाब होता. चिमट्यात दात धरला की त्याला ती चिमूट दिसायची. काहीच नसलेलं इतक्या काळजीनं कसं धरलं असेल तिनं? बोटांच्या मध्ये पुठ्ठ्याएवढी फट ठेवली होती. ते सोंग नव्हतं. ती मागत होती. कार्ड नाही हे तिला माहीत होतं, कार्ड कुणाकडे आहे हेही माहीत असेल कदाचित. शब्द काढून घेतला होता तर शब्दाची जागाच तिनं उचलून आणली होती. आणि त्यानं तिला ‘काय गं’ म्हटलं होतं.

‘हे कुणाचं रे?’ काका मागे येऊन उभे होते. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. ‘हा दात असा तिरका का लावलास? डॉक्टरांनी लिहून दिलंय का?’

त्यानं पाहिलं. वरचा, पुढचा. शेजारच्या दातावर किंचित खांदा टाकून बसलेला.

‘चुकून लागला, काका.’

‘चुकून कसला! अगदी बेतून लावलाय. अरे, हा तर तुझ्या आईचा दात. तेव्हा मीच नाही का ओरडलो होतो तुला, कवळीत वाकडा दात कुणी लावतं का म्हणून?’ ते हसले. प्लास्टरनं पांढरी झालेली बोटं त्यांनी अंगरख्याला पुसली. ‘काय म्हणते आई? बरेच दिवसांत विचारलं नाही मी.’

‘बरी आहे,’ तो म्हणाला.

‘सांग तिला, ये म्हणावं एकदा. सभा वाट बघतीय.’

‘सांगतो.’

किती सहज आलं ते. खऱ्या शब्दाला घशातून वाट मिळत नव्हती आणि हे दोन शब्द तेल लावल्यासारखे बाहेर पडले. काका परत जाऊन बादलीत प्लास्टर ढवळायला लागले. त्यांच्या दृष्टीनं आता ती घरी होती, खाटेवर बसून केळं सोलत होती, एखाद दिवशी येणार होती. त्यानं सुरी दिव्यावर धरली आणि तिरका दात काढला. मेणात खड्डा राहिला. तिथं सरळ दात लावायचा होता, पण हात चालेना. समोर फळ्यांवर सगळी तोंडं उघडी होती आणि त्यांत मधोमध आपलंही एक ठेवलं आहे, असं त्याला वाटलं. मुलगी नाही बोलत, ते तिला येत नाही म्हणून. आपल्याला येतं. तिची दोन वर्षांची मेहनत, आईचं ते छताकडे बघणं, बायकोचं कपाट सरकवणं, सगळं आपण खिशात घालून फिरतो आहोत. त्याला स्वतःची मनापासून किळस आली.

जेवणाच्या सुट्टीत तो वर गेला नाही. दातांच्या पाकिटांचा एक जाड पुठ्ठा त्यानं कापला, कोपरे कानशीनं गोल केले. आता ‘नाही’ काढायचं. पण ‘नाही’ कसं दिसतं? आधी त्यानं फुली मारली. ती औषधाच्या खोक्यावरच्या खुणेसारखी दिसली. मग रिकामी वाटी काढली. ते ‘भूक’ वाटलं. मग घडी केलेली खाट काढली आणि लगेच खोडून टाकली. शेवटी डावा हात टेबलावर उताणा ठेवून तो बघत बसला, आणि बघता बघता तोच काढला. बोटं पसरलेली, उताणा, आत काही नसलेला हात. कडा काळ्या जाड रेघेनं गिरवल्या. काका डबा खाता खाता लांबून बघत होते. ‘आता काय, हातांची कवळी करतोस काय?’ चिकटपट्टी लावताना एक बुडबुडा राहिला, तो त्यानं नखानं कडेला सारला.

घरी आला तेव्हा उजेड होता. मुलगी खाटेच्या जागेवर चार डागांच्या मध्ये बसली होती, भिंतीकडे तोंड करून. त्यानं बूट काढले, जाकीट काढलं. आतल्या खिशातून कार्ड ओढताना अस्तर फाटलं. तो फळ्यापाशी गेला आणि रिकाम्या चौकोनावर आजी दाबून बसवली. शेजारी, मागे वेल्क्रोचा तुकडा लावून, तो पुठ्ठ्याचा हात. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती, हात ओले होते.

‘तुमच्याकडे होतं?’

‘हो.’

‘मी कपाट सरकवलं हो,’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘एकटीनं. तुम्ही बघत होतात.’

‘हो.’

‘तिचं तोंड बंद केलंत तुम्ही. स्वतःला बोलायला नको म्हणून लेकराचं तोंड बंद केलंत.’ ती आत गेली. नळ सुरू झाला, बराच वेळ सुरू राहिला.

मुलीनं मान वळवली होती. ती उठली नाही. तिथूनच फळ्याकडे बघत राहिली, आणि त्याच्या मनात आलं की झालं, उशीर झाला, आता ती हात लावायची नाही. तो फळ्यापासून बाजूला होऊन फरशीवर बसला, कारण बाईंनी सांगितलं होतं की तिच्या उंचीला यायचं आणि घाई करायची नाही. रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं, तिची साखळी घासत होती. ती उठली. फळ्यासमोर उभी राहिली. रिकाम्या चौकोनावरून फिरवलं होतं ते बोट तिनं आता आजीच्या तोंडावरून फिरवलं. मग चर्र.

त्याच्या हातावर ते खरंखुरं कार्ड आलं. पुठ्ठ्याला वजन असतं हे तो विसरला होता. त्यानं तोंड उघडलं. घशात आडवं आलेलं तसंच होतं. ते बाजूला झालं नाही, त्याच्या कडेनं, खरवडून, शब्द बाहेर आला. ‘आजी.’ कुणा दुसऱ्याचाच आवाज वाटला. मग त्यानं हात लांब करून दुसरं कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं. ‘नाही,’ तो म्हणाला, आणि स्वतःचा उताणा हात तिच्यापुढे धरला, चित्रातल्यासारखा. तिनं चित्र पाहिलं, हात पाहिला, चित्रावर नाक टेकवलं. आणि ते कार्ड परत त्याच्याकडे देऊन टाकलं. तिला ते नको होतं. आजीचं कार्ड उचलून तिनं पुन्हा त्याच्या हातावर ठेवलं, जरा जोरानं. ‘आजी. नाही.’ पुन्हा. ‘आजी. नाही.’ बिस्किटाचा डबा हाताच्या अंतरावर होता आणि त्याचा हात एकदा तिकडे गेलासुद्धा. तो त्यानं मागे घेतला. तिनं त्याच्या छातीवर कार्ड आपटलं. त्याच्या तोंडावर मारलं. आवाज न करता ती लाल झाली, आणि मग आवाज आला, शब्द नसलेला, लांबच लांब. तो सांगत राहिला. घसा सोलला तरी सांगत राहिला. जे एकदाही म्हटलं नव्हतं ते त्याला त्या फरशीवर इतक्या वेळा म्हणावं लागलं की शेवटी शेवटी ते नुसते आवाज उरले, आणि त्या आवाजांतूनच कधीतरी त्याला कळलं की आई नाही. नळ बंद झालेला होता.

मग ती थांबली. हुंदके देत फळ्यापाशी गेली. फळ्याखालची सुटी पट्टी तिनं हातात घेतली, उलटसुलट केली. कोरी पट्टी. तिच्यावर तिनं आजीचं कार्ड दाबलं. खाली पडलेला पुठ्ठ्याचा हात उचलला आणि शेजारी दाबला. कार्ड वाकडं लागलं. तिनं काढून सरळ लावलं. ती पट्टी घेऊन ती त्याच्याकडे आली नाही. स्वयंपाकघरात गेली. तिथं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग बायकोचा आवाज आला, अगदी हळू, एकेक शब्द सुटा.

‘आजी नाही.’

ती मागत नव्हती. आजवर ती फक्त मागत आली होती, दूध, केळं, बाहेर. आता ती सांगत होती. पट्टी दोन्ही हातांत धरून ती बाहेर आली, दारामागच्या खाटेसमोर थांबली, आणि मग त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. त्याचा डावा हात तिनं उताणा केला, बोटं उघडली आणि पट्टी त्याच्या तळहातावर दाबून ठेवली. त्याला माहीत नसेल असं तिला वाटलं असावं. तो गेले कित्येक दिवस जसा वागत होता त्यावरून दुसरं काय वाटणार होतं? डोळे पुसायचं तिला सुचलं नव्हतं. मान वर करून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

आधी नाव घ्यायचं असतं.

‘आजी नाही,’ तो म्हणाला.

द्यायला काही नव्हतं. ते पट्टीवरच होतं. ती तरीही हलेना. अजून एक राहिलं होतं, नियमातलं शेवटचं, आणि त्याला त्याचा विसर पडलाय असं वाटून तिनं पट्टीवर बोट आपटून त्याला आठवण करून दिली. मग शाब्बास म्हणायचं असतं. तेही तो म्हणाला.